आमेन म्हटल्यानंतर

२ नोव्हेंबर, रविवार. भोर

आधी वहीची माफी. मार्चपासून एक ओळ नाही. वेळ नव्हता असं लिहिणार होते, पण ते खोटं. वेळ होता. बसले की काय लिहावं लागेल ते माहीत होतं, म्हणून बसले नाही.

आज प्रभुभोजनाचं तबक पुढं आलं आणि मी ते तसंच बेबीमावशीकडं सरकवलं. सख्ख्या भावाविषयी मनात एवढं साठलेलं असताना कसं घेऊ? मावशीनं भुवई उडवली. उपासना संपल्यावर चपला शोधताना कानाशी आली. "पोटात दुखतंय का मनात?" म्हटलं, "पोटात." म्हणजे चर्चच्या पायरीवर खोटंही बोलून झालं.

तर लिहूनच टाकते. मार्चमध्ये वेल्ह्याला दादाच्या घरी बाबांची वर्षाची स्मरणसभा. पुढची खोली भरलेली. शेवटची प्रार्थना दादानं केली. "प्रभू, ज्या लेकीला बापाच्या अखेरच्या दिवसांत कामातून वेळ झाला नाही, तिचा अपराध तू मोजू नकोस." सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझेही. प्रार्थना संपली आणि सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हटलं. सवयीनं. चांगलं खणखणीत.

तसंच असो. स्वतःवरच्या आरोपाला स्वतःचाच होकार.

खरं असं की आदल्या वर्षी बाबा आजारी पडले तेव्हा माझ्या कॉलेजात बारावीचे पेपर चालू होते, तरी मी रोज फोन करत होते. दादा म्हणायचा, खोकला आहे, तू पेपर उरक, धावत येण्यासारखं काही नाही. मग एका सकाळी फोन आला तेव्हा बाबा गेलेले होते.

भांडणात उलट बोलता येतं. प्रार्थनेत नाही. ज्याच्याशी बोललं जातंय तो वर, आणि ज्याला लागतं तो शेजारी डोळे मिटून.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सतीशला वाचून दाखवलं. (नवऱ्याला रोजनिशी दाखवायची नाही हा नियम मोडला.) तो पाटबंधारे खात्यात आहे, सगळं खात्याच्या भाषेत बोलतो. "तुझा दादा पत्र तुलाच लिहितो गं. देवाला नुसती माहितीस्तव प्रत."

हसले. मग हसल्याबद्दल वाईट वाटलं.

मार्चनंतर वेल्ह्याला गेले नाही. पण रविवार संध्याकाळची फोनवरची प्रार्थना सोडलेली नाही. दादा फोन स्पीकरवर ठेवतो, एकेक जण प्रार्थना करतो. आईचा आवाज ऐकायला तेवढंच. आईची प्रार्थना म्हणजे पूर्वी अख्खी वेल्ह्याची बाजारपेठ: शेजारीण, तिची शेळी, एसटीचा ड्रायव्हर, पाय मोडलेला पोस्टमन. परवाच्या रविवारी फक्त, "समद्यास्नी सांबाळ, आमेन."

थकली असेल. शहात्तर पूर्ण.

९ नोव्हेंबर, रविवार

आजची दादाची प्रार्थना: "मार्था पुष्कळ कामांत गुंतलेली असते, प्रभू. तिला तुझ्या पायाशी बसायची बुद्धी दे."

माझं नाव बाबांनी ठेवलं. पवित्र शास्त्रातली मार्था स्वयंपाकघरात राबते आणि बहीण प्रभूपाशी बसते, ही गोष्ट आमच्यातल्या प्रत्येक लेकराला पाठ. लहानपणी दादा त्यावरून चिडवायचा, मी त्याला काकडी फेकून मारायचे. आता काकडी फेकता येत नाही.

आईनं प्रार्थना केलीच नाही. दादा म्हणाला, ती मनात करते आजकाल.

मनात? आई?

११ नोव्हेंबर, मंगळवार

कॉलेज सुटल्यावर चर्चच्या पाळकसाहेबांकडे. ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. माझ्यापुढंही ढीग सरकवला. सोलता सोलता सगळं सांगितलं. शेंगांकडं बघून बोलायचं असलं की सोपं जातं.

म्हणाले, "क्षमा तुझी एकटीची. ती त्याला न विचारता आजही करता येते. समेटाला मात्र दोघं लागतात. आणि क्षमा केली म्हणजे घडलं ते घडलंच नाही, असं होत नाही."

मी: मग काय करू?

"आधी एकटी जा. मला नेऊ नकोस, नवऱ्याला नेऊ नकोस. माणूस चार लोकांसमोर स्वतःची बाजू सांभाळत बसतो. नाहीच ऐकलं तर एकदोघांना घेऊन. तरी नाही, तर चर्चच्या मंडळीपुढं. प्रभूनं क्रम घालून दिलाय. क्रम मोडला की त्याची चहाडी होते."

आठ महिने मी काय केलं? नवऱ्याला सांगितलं, स्टाफरूममध्ये एकीला सांगितलं, आत्ता पाळकसाहेबांना. ज्याला सांगायचं तो सोडून सगळ्यांना.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वेल्ह्याला जाऊन आले. जमेल तसं लिहिते.

नसरापूरला गाडी बदलली. वेल्ह्यात उतरले तर तोरणा अर्धा धुरकट. तहसील बंद, त्यामुळे दादाचं झेरॉक्सचं दुकानही बंद, तो घरीच. दार वहिनीनं उघडलं. "या." एवढंच. नेहमी ती 'अगंबाई' म्हणाल्याशिवाय राहत नाही.

दादा छान बोलला. चहा, खारी. "प्राध्यापकीण बाई एसटीनं? नवऱ्याची गाडी विकली का काय?" तोच जुना दादा. मला वाटलं, मी उगीच राईचा पर्वत केला. पण ठरवून गेले होते. म्हटलं, "दादा, मार्चमध्ये तू प्रार्थनेत जे बोललास ते मला फार लागलं. आणि ते खरं नव्हतं. मी रोज विचारत होते, तू मला येऊ नको म्हणालास."

त्यानं कप खाली ठेवला. आणि डोळे मिटले.

"हे पित्या..."

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत प्रार्थना सुरू! काय करणार? मीही डोळे मिटले. एवढ्या वर्षांची सवय, पापण्या आपोआप खाली येतात. "...दोष देणाऱ्या ओठांना शांत कर. आईच्या समोर जाण्याआधी हिचं मन धुऊन काढ." या वेळी आमेन म्हटलं नाही. त्यानं डोळे उघडून वाट बघितली. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या.

मग मीच उठले. "आई कुठंय?"

"झोपली असंल."

मागच्या खोलीला बाहेरून कडी. वहिनी पटकन म्हणाली, "पडतात हो त्या, उठून जातात कुठंबी." कडी काढली. आई खाटेवर, स्वेटर घालून, भिंतीकडं तोंड करून बसलेली. झोपलेली नव्हती.

"मार्थे, आलीस व्हय?"

"बरी आहेस ना?"

उत्तर द्यायच्या आधी तिनं वहिनीकडं बघितलं. मग दारात उभ्या दादाकडं. "म्या बरी हाय. तू जा, गाडी चुकंल."

गाडीला पुष्कळ वेळ होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

कडीचा विचार डोक्यातून जात नाही. म्हाताऱ्या माणसाला खरंच असं ठेवावं लागतं कधी कधी. शेजारच्या काकूही आजोबांना कुलूप लावून बाजारात जायच्या. तेव्हा मी त्यांच्याबद्दल वाईट चिंतलं नव्हतं.

स्वतःला विचारायचा प्रश्न: मला आईची काळजी वाटते, की दादाविरुद्ध पुरावा हवा आहे? दुखावलेलं मन काळजीचं लुगडं नेसून फिरत असेल तर ते ओळखायचं कसं?

दोन्ही असेल. दोन्ही असलं तरी कडी होतीच.

संध्याकाळचा फोन पाच मिनिटांत आटोपला.

२३ नोव्हेंबर, रविवार

काही नाही. आई 'मनात'.

३० नोव्हेंबर, रविवार

आज फोनवर, प्रार्थनेच्या आधी, दादाचा आवाज एकदम उंच: "सगळ्यांना सांगायचं म्हणजे आईनं आजपासून उपास धरलाय. घर एक होईपर्यंत. दिवसभर नुसतं पाणी, दिवेलागणीला वाटीभर पेज."

मी ओरडले, "तिला शुगर आहे!"

"प्रार्थना चालू होतीय, मार्था."

आणि मग कितीतरी रविवारांनंतर आईचा आवाज. लांबून आल्यासारखा. "प्रभू, माजी दोनी लेकरं." पुढं काही नाही. आमेनसुद्धा दादानंच म्हटलं.

२ डिसेंबर, मंगळवार

भोरमधल्या आमच्या डॉक्टरांना विचारलं. शुगरची गोळी चालू ठेवून उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते, माणूस घाम फुटून कोसळतो. ताबडतोब बंद करा उपास, म्हणाले, आणि तपासायला आणा.

वहिनीला फोन. गोळी देतेस? "देतो की रोज." उपाशीपोटी? मग दादानंच फोन घेतला.

"आईला जेवू घालायचं तुझ्याच हातात आहे. नाताळाच्या आधी एका रविवारी हितं मंडळीपुढं उभी राहा. बाबांच्या बाबतीत अपराध झाला म्हणून साक्ष दे. त्याच दिवशी आई जेवेल."

"हे आई म्हणते का तू?"

"घर म्हणतं."

पाळकसाहेब ऐकून उठूनच उभे राहिले. "उपास स्वतःला नम्र करायला असतो. दुसऱ्याला वाकवायला नाही. उपाशी माणसाच्या आड उभं राहून हट्ट करायचा, हे कुठल्या शास्त्रात?" मग खाली बसले. म्हणाले, क्रमानं जा. आता एकदोघांना घेऊन.

सतीश म्हणाला, पोलिसात जाऊ. सख्ख्या भावाला? आईच्या उपासासाठी? स. म्हणाला, "कडीसाठी."

६ डिसेंबर, शनिवार

बेबीमावशीला घेऊन गेले. ती आणि आई एका गावच्या, एका विहिरीवर पाणी भरलेल्या. स.नं गाडी चालवली, पण आत आला नाही. "मी आलो तर माझा हात सुटेल. मी गाडीत बसून शांती राखतो."

दादानं मावशीला वाकून सलाम केला. मावशी बसलीच नाही. "रत्ना कुठाय?" रत्ना म्हणजे आई. दादानं बसा म्हटलं, चहा म्हटलं, आणि मग डोळे मिटून, "प्रभू, आज तुझ्या दासी..."

"डोळं उघड आदी," मावशी म्हणाली. "देवाला दिसतंय समदं. मला तुजं त्वांड बगू दे."

दादानं डोळे उघडले. प्रार्थनेत त्याला कुणी अडवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यालाही ते नवं असावं. लहान मुलासारखा दिसला क्षणभर. मला त्याची दया आली हे इथं नोंदवते, कारण पुढं राग लिहायचा आहे.

मागची खोली. आई खाटेवर आडवी. गालफडं बसलेली. मावशीनं तिचा हात हातात घेतला. "काय गं, नवरीवानी लाजून उपाशी बसलीस! ऊठ, भाकर खा."

आई हसली थोडी. म्हणाली, "म्या सोताहून धरलाय, बेबे. कुनी सांगितलं न्हाई."

तीन आठवडे मी दादाला मनात पिंजऱ्यात घालून ठेवला होता.

आई माझ्याकडं वळली. "तू माग त्याची माफी. मंडळीत म्हन येकदा, चुकलं म्हून. काय जातंय तुजं?"

"आई, पण मी चुकले नाही. त्यानं मला कळवलंच नाही. तुला माहीत नाही का?"

"म्या हितंच हुते की." आई हळू बोलत होती, आणि मधेमधे थांबून दाराकडं बघत होती. "म्याच म्हनलं त्याला, पोरीला बोलीव. त्यो म्हनला, ती आली की दवाखान्यात घालंल, नळ्या लावतील बाबाला. आपुन प्रार्थना करू, प्रभू उटवंल. न्हाई उटवलं प्रभूनं."

म्हणजे ती सगळं जाणून होती. मार्चमध्ये मी आमेन म्हटलं तेव्हाही शेजारी बसून जाणून होती.

"मग मी का माफी मागू?"

"तू शिकलेली हायस. तुला सोसंल. त्याला न्हाई सोसवायचं, मार्थे. त्याला रोज दिसतो बाबा. त्यो तुटंल."

मावशी: "अन् तू उपाशी मेलीस मंजी जुडंल व्हय त्यो?"

आईनं पुन्हा दाराकडं बघितलं. दाराच्या पडद्याखाली दादाचे पाय दिसत होते. किती वेळ तिथं होते कुणास ठाऊक. मी पाहिल्यावर हलले.

तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर भोरला, दोन दिवस. मान हलवली. नाही. आधी मंडळीत उभी राहा.

निघताना वहिनी चपला द्यायच्या निमित्तानं बाहेर आली. आमच्याकडं न बघता, "पेजंत गूळ घालती मी. यांस्नी सांगू नका." आणि आत.

येताना गाडीत कापूरहोळजवळ मावशी खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "आया अशाच अस्त्यात. जे लेकरू सोसतं त्यालाच पाटीवर वझं."

७ डिसेंबर, रविवार

आज प्रभुभोजन घेतलं. भावाकडं दोनदा जाऊन आले, माझ्या वाटचं चालले. राग गेला म्हणून नाही घेतलं. राग तिथं आणून ठेवायला घेतलं.

पण कालपासून दुखतंय ते दादाचं नाही, आईचं. दादा परका वागला. आई आपली म्हणून वागली, आणि ते जास्त खोल गेलं.

संध्याकाळी फोन. दादाची एकट्याची प्रार्थना: "घरात शिरून घर फोडणाऱ्या जिभांपासून राख." मग सांगितलं, आजपासून आई मौनात आहे, पेजही बंद. नाताळापर्यंत रविवारचा फोन नको. कळवायचं असेल ते साक्षीत कळव.

त्यानं पडद्याआडून ऐकलं. ऐकलं आणि हे केलं.

८ डिसेंबर, सोमवार

पेजेबरोबर गूळही गेला. दिवसभर एका वाक्यावर काम. तासाला मुलांना काय शिकवलं आठवत नाही.

असं वाक्य शोधत होते जे खरंही असेल आणि पुरेसंही होईल. शेवटी हे: 'बाबांच्या अखेरच्या वेळी मी त्यांच्याजवळ नव्हते, याचं मला फार दुःख आहे.' प्रत्येक शब्द खरा. हे मी कुठंही उभं राहून म्हणेन, रडूनही म्हणेन.

दादाला फोन करून वाचून दाखवलं. तो ऐकत होता, श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, झालं.

"दुःख नको," तो म्हणाला. "दुःख सगळ्यांनाच आहे. अपराध म्हण."

"अपराध माझा नाही, दादा."

"मग कुणाचा?"

हा प्रश्न त्यानं मोठ्यानं नाही विचारला. अगदी हळू. जणू मी उत्तर देईन अशी भीती होती. मी दिलं नाही. त्यानं फोन ठेवला.

द्यायला हवं होतं का? की न देणं हीच दया होती? की भित्रेपणा?

१० डिसेंबर, बुधवार

दुपारी अनोळखी नंबर. वहिनी. मागं पिठाच्या गिरणीचा घरघराट, दुसऱ्या कुणाचा तरी मोबाईल घेऊन बोलत होती.

"ताई, आत्या मोरीत पडल्या सकाळी. घामानं निथळत हुत्या. मी साखर घातली तोंडात तवा डोळं उघडलं."

गोळी?

"गोळी लपवली मी. डॉक्टर येऊन गेले, म्हनले मोठ्या दवाखान्यात हलवा. हे म्हनत्यात रविवारी. रविवारी ताई येतील, उभ्या राहतील, मंग नेऊ."

आणि मी नाही उभी राहिले तर?

गिरणीचा आवाज. "बाबांच्या टायमाला बी असंच म्हनले हुते. उद्या नेऊ, उद्या नेऊ."

गोळी लपवली हे तिचं शहाणपण. चोरून साखर देत राहा, मी म्हटलं. तिनं घाबऱ्या आवाजात हो म्हटलं.

पुन्हा लावला तर कुणी गिरणीवालाच बोलला. "त्या गेल्या की बाई."

११ डिसेंबर, गुरुवार

स. म्हणतो: "म्हणून टाक अपराध. कोर्ट आहे का ते? शब्द दे, आई सोडव, मग बघू." मागच्या आठवड्यात पोलीस म्हणणारा तोच. घाबरलाय. मीही.

एक शब्द. खरंच काय जातं माझं?

पाळकसाहेबांना हेच विचारलं. म्हणाले, "शब्द देऊन आई वाचत असेल तर देऊ नको म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण तुझ्या शब्दानं दादा सुटणार नाही, एवढं सांगतो. आज तुझ्या डोक्यावर टाकलेलं तो उद्या परत टाकायला येईल. खोट्या कबुलीवर बांधलेलं घर रोज नवी कबुली मागतं."

मग म्हणाले, "आणि दवाखाना रविवारची वाट बघत नाही."

हे माझ्या लक्षात का नाही आलं? सगळे मिळून शब्दाचं बोलतोय. म्हण, म्हणू नको. दादा तेच करतोय आणि मीही तेच. तिथं एक बाई घामानं निथळतेय.

आज स.ला आणि पाळकसाहेबांना दोघांना सांगितलं: शनिवारपर्यंत त्यानं नेलं नाही तर मी नेणार. शनिवार तरी का? कारण उद्या स.ला सुट्टी नाही आणि मला एकटीनं जायचं धाडस नाही. हे खरं कारण. लिहून ठेवते.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज प्रार्थनेत एक कळलं. इतके महिने मी दादासाठी प्रार्थना करत होते म्हणायचे, पण प्रत्येक वेळी देवाला दादाचं वर्णन करून सांगायचे. तो कसा कठोर, कसा आंधळा. म्हणजे मीही माहितीस्तव प्रत पाठवत होते. आज फक्त त्याचं नाव घेतलं आणि थांबले. पुढं काहीच सुचलं नाही. रडू आलं. मग बाबांच्या शेवटच्या दिवसांतला तो दिसला: एकटा, खाटेशेजारी, प्रभू उठवील म्हणून रात्रंदिवस बसलेला, आणि बाबा उठत नाहीत. त्या माणसाला मी क्षमा केली. केली असं वाटतं. उद्या वाटेल का माहीत नाही.

पण क्षमा करूनही आईला तिथं ठेवणार नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. एक माझ्या आत, एक त्याच्या मागच्या खोलीत.

आईलाही क्षमा करायची आहे. ते अजून जमलेलं नाही. ती जेवली की बघू.

१३ डिसेंबर, शनिवार

ठरलं होतं आज जायचं. सकाळी स.ला धरणावरून तातडीचं बोलावणं, दुपारी सुटेन म्हणाला, सुटला संध्याकाळी. मी एसटीनं निघायला हवं होतं. दोनदा पिशवी भरली. एसटीतून तिला आणणार कशी, असं म्हणत दोनदा खाली ठेवली. म्हणजे 'उद्या नेऊ' म्हणणाऱ्यांत मीही आले.

दादाचा फोन दुपारपासून बंद. वहिनीचाही. गिरणीवाल्याला लावला, तो म्हणाला, गिरणी आज बंद, मी गावात नाही.

शेवटचा निरोप सकाळचाच, दादाचा: "उद्या मंडळी जमेल. आई समोर बसेल. तू ये." आई समोर बसेल. बसू शकते का? की बसवणार?

भोरमधल्या डॉक्टरांशी बोलले, खाट राखून ठेवतो म्हणाले. पाळकसाहेब उद्याची इथली उपासना दुसऱ्यावर सोपवून आमच्याबरोबर येतायत. बेबीमावशी न बोलावता येतेय. "मला वगळून जाशील तर बग," म्हणाली. रात्री दादा दार उघडायचा नाही, म्हणून उजाडता निघायचं, मंडळी जमायच्या आत पोचायचं. मंडळीपुढं सांगायची वेळ आलीच तर एवढंच सांगणार: आईला दवाखान्यात नेतेय, वाट द्या. बाबांचं काही नाही. ते दादानं सांगायचं, त्याला जेव्हा सोसवेल तेव्हा.

दादा दारात उभा राहिला तर? आईच नाही म्हणाली तर? तिचा नकार मोडून तिला उचलायचा मला अधिकार आहे? शुद्धीत असेल तर विचारीन. नसेल तर...

आणि तिला घेऊन आले तर मी जिंकले असं वाटेल का? वाटेल, थोडं. त्यासाठी थांबायचं नाही.

उद्या: निघण्याआधी गाडीच्या मागच्या सीटवर गादी अंथरणे.